काचेखालचं तळं

पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की मासे थांबले होते.

बगळी तेव्हा तळ्याच्या खाली होती. हातात मऊ फडकं, दातांत धरलेली छोटी बॅटरी, आणि वाकून वाकून पाठीचं धनुष्य झालेलं. काम रोजचंच. खेळघरातल्या या खोलीची जमीन जाड, धुरकट काचेची. तिच्याखाली एक बुटकी पोकळी, आणि तिथे प्रोजेक्टर आणि कॅमेरा. रोज सकाळी आत शिरायचं, दोघांचे डोळे पुसायचे, बाहेर यायचं. प्रोजेक्टर खालून काचेवर तळं पाडतो: हिरवं पाणी, कमळाची पानं, केशरी मासे. वर मुलं त्या तळ्यावर चालतात. खालून पाहणाऱ्याला मात्र वाटतं, आपणच बुडून तळाशी बसलोय आणि पाणी डोक्यावरून चाललंय.

त्या सकाळी सगळे मासे कमळाच्या कोपऱ्यात जमले होते. शेपट्या अगदी हळू हलत होत्या, आणि तोंडं सगळ्यांची एकाच जागेकडे.

वर कोणीतरी आलंय, असं तिला वाटलं. कारण या तळ्याचा कायदाच तसा होता. पाय हलले की मासे पळतात, आणि कोणी शांत उभं राहिलं की जवळ येतात.

"कोण आहे वर?" तिने विचारलं. दातांत बॅटरी, त्यामुळे ते "ओअ आए अअ" असं काहीतरी झालं. रांगत बाहेर येऊन तिने पाहिलं, तर खोलीत कोणी नव्हतं. दार तिने लावलं होतं तसंच लावलेलं. चपला ठेवायची फळी रिकामी. मासे मात्र अजून कोपऱ्यातच.

आता, बगळीचं घाबरणं ही काही बातमी नव्हती. स्वतःच्याच फोनची रिंग वाजली तरी तिच्या हातातला चहा सांडायचा. मागून कोणी "अगं" म्हटलं की ती आधी किंचाळायची आणि मग "काय?" विचारायची. कॉलेजात तोंडी परीक्षेला मास्तरांनी खुर्ची सरकवली, तर ही उठून दारापर्यंत गेली होती. भीती इतकी अंगवळणी पडलेली, की खरोखर कधी घाबरायचं हेच तिला कळेनासं झालं होतं. म्हणून तिने मनाशी ठरवलं, काही नाही, मशीन आहे, रंगकामाच्या सुट्टीत बरेच दिवस बंद होतं, गरम झालं की सुधारेल. आणि ठरवता ठरवता तिचा उजवा पाय डाव्या पायावर जाऊन बसला.

ही तिची जुनी खोड. भीती वाटली की एका पायावर दुसरा ठेवून उभं राहायचं. बगळी हे नाव त्यावरूनच पडलेलं. ठेवणारे दिवेकाका.

दिवेकाका म्हणजे खेळघराचे सगळे दिवे, पडदे आणि मशीन सांभाळणारा माणूस. मुलं सांगतील तशी गोष्ट बदलणारी बोलकी भिंत असो, नाहीतर सावल्यांनी खेळायचा पडदा, बिघडलं की हाक काकांनाच. तळं तर त्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेलं. तोंडात सदा पेपरमिंटची गोळी, आणि पाय असे बाहेर फाकलेले, की घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाल्यासारखे दिसायचे. बगळी घाईघाईने खोलीत शिरली की ते मान वर न करता म्हणायचे, "हळू ये. मासे पळतील."

"काका, मासे खोटे आहेत."

"तुझी भीती तरी कुठे खरी असते? पण मी तिला मान देतोच ना?"

नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिने काकांना सांगितलं होतं, की लहानपणी शाळेच्या सहलीत ती याच तळ्यावर आली होती. सगळी मुलं ओरडत तळ्यात धावली, आणि ही दारापाशीच खिळली. तेवढ्यात एक माणूस आला. त्याने नुसतं बोट पुढे केलं. त्या बोटाला धरून ती कमळाच्या कोपऱ्यात गेली, आणि तो माणूस तिच्याशेजारी नुसता उभा राहिला. बराच वेळ. मग मासे आले. धावणाऱ्या एकाही पोराकडे न जाता सगळेच्या सगळे तिच्याकडे आले.

"ते तुम्हीच होतात ना?"

"आठवत नाही बुवा," काका म्हणाले. "इतकी पोरं येतात." पण दुसऱ्या दिवशीपासून तिला बगळी म्हणू लागले.

एक गोष्ट मात्र तिने त्यांनाही सांगितली नव्हती. त्या दिवशी तिच्या डाव्या मोज्याला भोक होतं, आणि त्यातून अंगठा बाहेर आला होता. तो झाकायला तिने पायावर पाय ठेवला होता. समोरचे दोन दात पडलेले, 'स' म्हणायला गेलं की नुसती हवा निसटायची, त्यामुळे ती सबंध सहलभर तोंडही उघडत नव्हती. खोड तिथून लागली. हे माहीत असणारं माणूस जगात एकच, आणि ते म्हणजे ती स्वतः.

काका आता नव्हते. रंगकामाची सुट्टी लागली तेव्हा ऑपरेशनसाठी म्हणून दवाखान्यात गेले, ते परत आलेच नाहीत.

मुलं आली आणि खोली भरून गेली. मोज्यांच्या पायांनी धबधब धावणारी, घसरणारी, एकमेकांना ढकलणारी. पण तळं ओकंबोकं होतं. मासे कोपरा सोडायला तयार नव्हते.

"ताई, तिकडे खायला टाकलंय का?"

"मासे रुसलेत!"

"रुसले नाहीत काही. मशीन बिघडलंय. आमचा टीव्ही पण असाच करतो, त्याला थापड मारावी लागते."

त्या गलक्यातून एक चिमुरडी निघाली आणि कमळाच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. अगदी माशांच्या मधोमध नाही, थोडी बाजूला, अंग चोरून. बगळी तिच्यापाशी जाऊन वाकली. "अगं, मधे उभी राहा की. तिथे मजा येईल."

"मधे कशी?" पोरीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू ताई थट्टा करतेय. "पाय पडेल ना."

"कशावर पाय पडेल?"

पोर खुदकन हसली आणि पळाली. मासे तिला भ्याले नाहीत. जागचे हललेसुद्धा नाहीत.

दुपारी मॅडम आल्या. खेळघर त्यांच्याच जिवावर चालायचं. बाई तशा मायाळू, पण त्यांच्या पर्समध्ये मायेच्या वर नेहमी काळजी ठेवलेली असायची.

"हे बघ बगळे, उद्या विश्वस्त मंडळी येतायत पाहायला. त्यातले एकजण तर आधीच मागे लागलेत, की तळं काढा आणि तिथे खुर्च्या मांडा. डोळ्यांवर डबे लावून बसायचं, आत समुद्र दिसतो म्हणे."

"पण मॅडम, त्यात मुलं एकमेकांना दिसत नाहीत."

"ते मला सांगू नकोस, मला पटलेलंच आहे. त्यांना दाखव. उद्या मासे असे कोपऱ्यात सभा भरवून बसले ना, तर तळं गेलंच म्हणून समज. जमिनीची आठवण नव्याने घे, सगळं ठीक होईल. काका असंच करायचे ना?"

"हो."

"मग? तोंड का उतरलं?"

"त्या कोपऱ्यात... कोणीतरी उभं आहे असं वाटतं."

मॅडमनी तिच्या गालाला हात लावला. "तुला कपाटातसुद्धा कोणीतरी उभं आहे असं वाटतं, राणी. घे आठवण, आणि उजेडात घरी जा."

जमिनीची आठवण म्हणजे काय, तर हे. काचेखालचा कॅमेरा अंधारातही वरचे तळवे पाहतो. पण काच कुठली आणि तळवा कुठला, हे त्याला आधी शिकवावं लागतं. खोली पूर्ण रिकामी करायची, काळोख करायचा, आणि एक बटण दाबून त्याला रिकाम्या जमिनीचं चित्र द्यायचं. मग त्या चित्राहून वेगळं जे जे दिसेल, त्याला तो पाय समजतो. जमीन धुतली, घासली, की जुनी आठवण चालत नाही. नवी द्यावी लागते.

आणि बटण दाबायच्या आधी तीन हाका द्यायच्या. हा काकांचा नियम. चालवणारा काचेच्या छोट्या खोलीत बसतो, त्याला अंधारातलं दिसत नाही, आणि पोरं लपण्यात पटाईत. "एखादं पोर आत राहिलं आणि तू बटण दाबलंस," काका सांगायचे, "तर तळ्याच्या लेखी ते पोर जमीन होऊन बसतं. मग त्याच्याजवळ एक मासा यायचा नाही. म्हणून हाक द्यायची. आणि कोणी ओ दिली, तर काही झालं तरी बटण दाबायचं नाही."

मुलं गेली. बाहेर अजून ऊन होतं. रस्त्यावरून कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. तळ्याच्या खोलीला खिडकी नाही, तिथे बाराही महिने रात्र. बगळी काचेच्या खोलीत बसली, कॉम्प्युटर चालू केला, आणि जुनी आठवण पुसण्याआधी सहज म्हणून ती उघडून पाहिली. एरवी ती कोणी पाहत नाही. रिकाम्या जमिनीत पाहण्यासारखं असतं काय?

स्क्रीनवर राखाडी काच आली. आणि कमळाच्या कोपऱ्यात दोन मोठे तळवे. खालून पाहिलेले, मोज्यांतले. बाहेर फाकलेले. दहा वाजून दहा मिनिटं.

ती इतकी दचकली की खुर्ची मागच्या भिंतीवर आदळली. मग हळूहळू सगळं उलगडत गेलं.

काकांचा शेवटचा दिवस. काच नुकतीच घासून झाली होती. "आज तू घे आठवण," ते म्हणाले होते. ही इथेच बसली, दिवे मालवले, माईकमध्ये तीन हाका दिल्या. आत कोणी आहे का? कोणी ओ दिली नाही. हिला वाटलं, काका चहाला गेले असतील. बटण दाबलं, दिवे लावले, आणि काका दारातून चष्मा पुसत आले. "झालं?" "झालं." "विचारलंस तीनदा?" "विचारलं." "मग छान."

म्हणजे ते आतच होते. तळ्यात, अंधारात, तिच्या तीन हाका ऐकत गप्प उभे.

तळ्याने त्यांना जमीन मानलं. आणि ते निघून गेले तेव्हा तळ्याला आपल्या आठवणीत आणि खऱ्या काचेत फरक दिसू लागला, बरोबर त्यांच्या पावलांएवढा. तळं समजलं, इथे कोणीतरी उभं आहे. मुळीच न हलता, अगदी शांत. मग मासे जाणार कुठे? भूत नव्हतंच. चूक होती, साधी, या धंद्यात होणारी. आणि काकांना काय या चुकीची माहिती नव्हती? त्यांनीच तर तिला शिकवली होती.

बगळी बराच वेळ रडली. रडता रडता हसलीही, कारण नाक पुसायला जे हाताला लागलं ते कॅमेऱ्याचं फडकं होतं.

पण मग बटण समोर आलं.

दाबलं तर काका पुसले जाणार. त्यांचं म्हणावं असं जगात एवढंच उरलं होतं, दोन पावलांची एक जागा. नाही दाबलं तर उद्या तळंच जाणार, आणि दारापाशी खिळणाऱ्या पुढच्या पोरीला इथे खुर्ची मिळेल आणि डोळ्यांवर डबा. काका असते तर काय म्हणाले असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी हात उचलेना.

तिने दिवे मालवले. मासे तेवढे पोहत राहिले. समोरच्या स्क्रीनवर आता कॅमेऱ्याला दिसणारा फरक होता: काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके. कोपऱ्यात काकांचे दोन.

आणि दारापाशी एक लहानसा, तिसरा.

धूळ असेल. काच आत्ताच इतक्या मुलांनी तुडवली. तिने साठवलेली आठवण पुन्हा उघडली. तिच्यात काकांचे दोन तळवे, बास. दाराजवळ काहीच नाही. म्हणजे ही चूक नव्हती. काकांच्या जागी खऱ्या काचेवर कोणी नव्हतं, पण दाराजवळ होतं... आत्ता.

तिने खुद्द कॅमेऱ्याचं चित्र समोर घेतलं. राखाडी काच. दारापाशी तळवा. छोटा, मुलाचा. एकच. दुसरा नव्हताच, जणू कोणी एका पायावर उभं होतं. आणि मोज्याच्या टोकाला, अंगठ्यापाशी, उजळ, गोल भोक.

बगळीने खाली पाहिलं. टेबलाखाली तिचा उजवा पाय डाव्यावर चढून बसला होता.

पळावं असं तिला वाटलं, शपथेवर वाटलं. पण पळायची वाट तळ्यावरून होती. शिवाय दाराच्या फटीतून वास येत होता... तापलेल्या मशीनचा, धुळीचा, आणि त्याखाली अगदी पुसट, पेपरमिंटचा. तिने माईक ओढला. नियम म्हणजे नियम.

"आत... कोणी आहे का?"

आवाज खोलीत घुमला आणि विरला. स्पीकरमधून आतली शांतता ऐकू येत होती, शिंपला कानाला लावावा तशी. मग काचेवर काहीतरी हललं. तळवा दारापासून निघाला होता. एक पाऊल, थांबून दुसरं. आता ते दोन झाले होते, चालणारे, आणि अर्धवट तिरके, जसं लहान मूल कोणाचं तरी बोट धरून एका बाजूला झुकत चालतं. पाय हलले की मासे पळतात. हे मासे पळाले नाहीत. त्यांनी बाजूला होऊन वाट दिली.

"आत कोणी आहे का?"

लहान पावलं मोठ्यांच्या जागेशेजारी जाऊन थांबली. एक पाय दुसऱ्यावर चढला. भोक झाकलं म्हणून वरून बरं वाटत असेल, पण खालून सगळं दिसत होतं. थोड्या वेळाने वरचा पाय आपोआप खाली आला. पोटऱ्यांतला ताण सुटावा तसा. आणि एकेक करून मासे त्या उघड्या अंगठ्याभोवती गोळा झाले.

बगळीचा अंगठा बटणावर होता. एकच हाक उरली होती. कोणी ओ दिली नाही, तर दाबायचं. मग काच स्वच्छ, तळं नवं, उद्या सगळे खूश. आयुष्यभर ती उत्तर येण्याला घाबरत आली होती. काळोख्या जिन्यात, बंद दारांपाशी, कपाटासमोर. आज पहिल्यांदा तिला भीती वाटत होती ती उत्तर न येण्याची.

तिने श्वास घेतला. हाक निघाली ती हाकेसारखी नव्हतीच.

"काका... आत कोणी आहे का हो?"

पाण्याची नसलेली चुळचुळ. बटण बोटाखाली गार लागलं.

मग स्पीकर खरखरला. आवाज तळ्यातल्या माईकच्या अगदी जवळून आला, आणि तो काकांचा नव्हता. एका लहान मुलीचा होता, समोरचे दोन दात पडलेल्या. 'स'मधून नुसती हवा निसटत होती, पण भीती त्यात नावालाही नव्हती.

"आम्ही आहोत ना, ताई," ती म्हणाली. "हळू ये. मासे पळतील."